पालीचा डबा



गेल्या अंकात आम्ही एसीच्या बिलाचं रडगाणं गायलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी गणपतीच्या आरतीनंतर आम्हांला गाठून "आमच्याकडेही तेच हो" असं सांगितलं, त्यामुळे जरा धीर आला. या वेळचा विषय मात्र ऐकून संपादकांनी फोनवर क्षणभर श्वास रोखला. "पाल? आपल्या दिवाळी अंकात? आणि चकलीच्या शेजारच्या पानावर?" आम्ही म्हटलं, आधी वाचा, मग ठरवा. छापलंय त्याअर्थी त्यांनी वाचलंय.

मराठी घरात सकाळ उजाडते ती 'आज डब्याला काय?' या प्रश्नाने. आमच्या शारजाच्या घरात असे चार डबे निघतात. पहिला आमचा, दुबईच्या ऑफिसात जाणारा. (रस्त्यावरच्या गर्दीत तो अर्ध्या वाटेतच उघडावासा वाटतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल.) दुसरा आमच्या सौ.चा, तिसरा चिरंजीवांचा, आणि चौथा बाजीरावाचा. बाजीराव ही आमच्या घरची पाल.

अंगावर शहारा आला असेल तर पाणी प्या आणि पुढे वाचा. आमचाही सुरुवातीला कडाडून विरोध होता. पण अकरा वर्षांच्या मुलाला भाड्याच्या फ्लॅटात कुत्रा का नाही, मांजर का नाही, याची कारणं देऊन देऊन आम्ही थकलो आणि शेवटी पालीवर तडजोड झाली. ही भिंतीवरची पाल नव्हे. हिला लेपर्ड गेको म्हणतात, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात म्हणून. मूळ गाव अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्याकडचा वायव्य भाग. हिची एक चुलत जात गुजरात-महाराष्ट्राच्या खडकाळ माळांवरही राहते. पायाला चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळे ही भिंतीवर चढत नाही. हिला पापण्या असतात, त्यामुळे ही आपल्यासारखी डोळे मिटून झोपते. शेपूट गाजरासारखं जाड असतं आणि त्यात चरबी साठवलेली असते, उंटाच्या वशिंडात असते तशी. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. म्हणजे चिरंजीवांचं लग्न ही पाल बघणार.

आता डबा. बाजीरावाला पोळीभाजी चालत नाही, फळं चालत नाहीत. लागतात ते किडे, आणि तेही जिवंत. इथं पाळीव प्राण्यांच्या दुकानात ते डब्यांतून मिळतात. रातकिड्यांना तिथं क्रिकेट म्हणतात. शारजात क्रिकेट म्हटल्यावर आमच्या पिढीला १९८६ चा मियाँदादचा षटकार आणि १९९८ चा सचिन आठवतो. दुकानदाराने पुढे केलेला किर्र करणारा डबा बघून जरा निराशाच झाली. दुसरे मिळतात ते मीलवर्म, म्हणजे पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्या. तिसरी डुबिया झुरळं. नावावरून ती दुबईची वाटतात, पण ती दक्षिण अमेरिकेतली. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्यांना चढता येत नाही, त्यामुळे डब्यातून पळून स्वयंपाकघरात संसार थाटायची भीती कमी.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग गेल्या नोव्हेंबरात आमची आई वाईहून आली. पाल चुकचुकली की "कृष्ण कृष्ण" म्हणणारी आमची आई, नातवाच्या हातावर पाल बसलेली पाहून तिने अख्खं हरिपाठ पुटपुटलं असावं. पण आठ दिवसांत "आज त्याला खायला घातलंत का?" असं तीच विचारायला लागली. आजीच ती. घरात कुणी उपाशी आहे ही कल्पनाच तिला सोसत नाही.

डिसेंबरात नॅशनल डेची जोडून सुट्टी आली. सुट्टीच्या आदल्या दिवशी इमारतीत झुरळांच्या औषधाचा माणूस येऊन गेला. त्याने फवारा मारला, सिंकखाली आणि कपाटांच्या बिजागऱ्यांशी जेलचे बारीक ठिपके लावले आणि आमची सही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या डब्यातले रातकिडे सगळेच्या सगळे मरून पडलेले. आम्ही म्हटलं, माल जुना असेल. दुकानात फोन केला तर किडे संपलेले, सुट्टीनंतर मिळतील. म्हणजे चार दिवस बाजीरावाचा डबा रिकामा!

त्या रात्री आम्हांला न्हाणीघराच्या जाळीशी एक झुरळ दिसलं. तरणंताठं झुरळ दिवा लागल्यावर कसं सुसाट पळतं हे आपण सगळे जाणतो. हे मात्र पेन्शनर संध्याकाळी फिरायला निघावेत तसं रमतगमत चाललं होतं. आम्ही त्यावर वाटी उपडी टाकली, चिमट्यात धरलं आणि बाजीरावाच्या पुढ्यात सोडलं. त्याने एका घासात गट्टम केलं. फुकटात काम झालं म्हणून आम्ही स्वतःवर खूष. चिरंजीव तेव्हा मित्राच्या वाढदिवसाला गेले होते.

ते परत आले आणि खोलीतून ओरड ऐकू आली. बाजीराव एका कुशीवर पडला होता, पाय थरथरत होते, तोंड उघडं पडलं होतं. ते दृश्य वर्णन करून सांगण्यासारखं नाही.

रात्री अकराला दुबईत असे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरीणबाई मिळाल्या, हे आमचं नशीब. त्यांनी बाजीरावाला उबेत ठेवलं, पाणी टोचलं, झटके थांबवायचं औषध दिलं आणि मग आमच्याकडे वळून तीन प्रश्न विचारले. काय खाल्लं? ते कुठून आलं? घरात औषध कधी मारलं होतं? तिसऱ्या प्रश्नाला आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि आम्ही जमिनीकडे बघायला लागलो.

झुरळांच्या त्या जेलची करामत अशी असते की ते खाऊन झुरळ लगेच मरू नये. मुद्दाम तशी योजनाच असते. ते पोटात विष घेऊन आपल्या बिळात जातं, तिथं मरतं, त्याची विष्ठा आणि मढं इतर झुरळं खातात, आणि मग तीही मरतात. एका घासात अनेक बळी. इंजिनीअर म्हणून आम्हांला या योजनेचं कौतुकच वाटलं असतं, जर त्या साखळीच्या शेवटच्या कडीला आमच्या मुलाची पाल नसती तर. याचा सरळ अर्थ असा की औषध मारलेल्या घरात जे झुरळ सहज हाती लागतं, तेच विषारी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. निरोगी झुरळ आमच्यासारख्या चाळिशी उलटलेल्या माणसाच्या हाती कशाला लागेल?

आणि डब्यात मेलेले ते रातकिडे! तो तर धोक्याचा भोंगा होता. फवारा उडाला तो त्यांच्या डब्यातही गेला असणार. कारखान्यात असा भोंगा वाजल्यावर आम्ही अख्खी लाइन बंद केली असती. घरात मात्र "माल जुना" म्हणून मोकळे झालो.

घरी येऊन आईला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. तिने येताना पिशवीतून झुरळं मारायचा खडू आणला होता आणि दुपारी सगळ्यांची नजर चुकवून ओट्याभोवती, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी रेघा मारल्या होत्या. त्या खडूतही कीटकनाशकच असतं. म्हणजे विष जेलचं, फवाऱ्याचं की खडूचं, हे कळायला मार्गच उरला नाही. चिरंजीव रडत म्हणाले, "पण त्याला ते दिलं कुणी?" आई पटकन म्हणाली, "माझ्या खडूनं झालं रे बाळा." आम्ही म्हटलं, नाही आई. खडू तू ओढलास, पण झुरळ आम्ही दिलं. न विचारता, न तपासता. ऑफिसात येणारा एकेक बोल्ट आम्ही दाखला बघितल्याशिवाय आत घेत नाही, आणि इथं आदल्याच दिवशी औषध मारलेल्या घरातला किडा उचलून सरळ तोंडात घातला. चिरंजीव काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. म्हणाल्या, विषाचं बघूच, पण याची हाडंही पातळ आहेत. त्याचं कारण नुसते रातकिडे आणि मीलवर्म. रातकिड्यात कॅल्शियमच्या साधारण सातपट फॉस्फरस असतं, मीलवर्ममध्ये पंधरापटीहूनही जास्त. सरपटणाऱ्या प्राण्याला हवं असतं नेमकं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. अन्नातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. बँकेत पगार जमा न होता नुसते हप्ते कापले जावेत तसं. बाजीराव वर्षभर पोटभर जेवत होता आणि तरी कुपोषित होता. म्हणजे किडा सुरक्षित असणं याला दोन बाजू आहेत: त्यात नको ते नसावं, आणि हवं ते असावं. आम्ही दोन्हीकडे नापास.

ही हकिगत ऑफिसातल्या आमच्या अमरावतीकर मित्राला सांगितली. तो म्हणाला, अरे, आमच्याकडे २०२० च्या मे महिन्यात टोळधाड आली होती ना, तेव्हा असंच झालं असतं. आठवत असेल, राजस्थान-मध्य प्रदेशातून टोळ अमरावती जिल्ह्यात उतरले, मग वर्धा आणि नागपूरकडे सरकले. रात्री ते झाडांवर बसले की शेतकी खात्याचे लोक अग्निशमनाचे बंब घेऊन कीटकनाशक फवारायचे. सकाळी झाडांखाली अर्धमेल्या टोळांचा सडा. मित्राच्या काकांनी आपल्या कोंबड्या दोन-तीन दिवस खुराड्याबाहेर सोडल्या नाहीत. कोंबड्यांना ती मेजवानी वाटली असती. त्याच वर्षी आपल्या आखातातही टोळ आले होते. अरबस्तानात टोळ खायची जुनी रीत आहे, पण फवारलेले टोळ माणसांनीसुद्धा खाऊ नयेत असाच जाणकारांचा इशारा असतो. तेव्हा बाल्कनीत उडत आलेला टोळ किंवा बागेतला नाकतोडा म्हणजे फुकटचा खाऊ, असं समजू नका. बागेला काय मारलंय ते आपल्याला कोण सांगणार?

याहून मोठी गोष्ट गिधाडांची. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती गिधाडांची पंगत बसायची. ती एकाएकी कमी झाली. २००४ साली कारण जगापुढे आलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध गुराला, पण गूर मेल्यावर ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. भारतात २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात नवीन काय? गाईनं खाल्लेलं दुधात उतरतं, हे आमच्या सासूबाईंना ठाऊक होतं." शंभर पानांचा प्रबंध एका वाक्यात!

तर मंडळी, आपल्यापैकी ज्यांच्या घरी गेको, बियर्डेड ड्रॅगन किंवा तत्सम पाहुणे आहेत (आणि आम्ही चौकशी केली तेव्हा मंडळातच अशी पाच घरं निघाली, सगळी गप्प बसलेली) त्यांच्यासाठी आमची ठेच लागून आलेली नियमावली देतो.

पहिलं, किडे पाळलेलेच घ्यावेत. घरात, बागेत, दिव्याखाली पकडलेले नकोत. काजवा तर मुळीच नको. आपल्याकडे मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला लोक काजवे बघायला जातात, ते बघायलाच ठीक. अमेरिकेतल्या काजव्यांमध्ये हृदयावर आघात करणारं विष सापडलं आहे आणि एखाददुसरा काजवा खाऊन बियर्डेड ड्रॅगन मेल्याची नोंद १९९९ साली झाली आहे.

दुसरं, दुकानातला डबा घेताना उघडून बघावा. कुबट वास, ओले पुठ्ठे, बुरशी, मेलेल्यांचा खच असेल तर परत द्यावा. घरी आणल्यावर स्वच्छ डब्यात काढावे आणि एक-दोन दिवस चांगलं खायला घालून मगच वापरावे. गाजर, भोपळ्याच्या फोडी, हिरवा पाला, सगळं धुतलेलं. उघड्या पाण्यात रातकिडे बुडून मरतात, त्यांना गाजराचा ओलावाच पुरतो. आणि एका रात्रीत सगळे मेले, तर उरलेला एकही किडा प्राण्याला देऊ नये. कारण शोधावं.

तिसरं, द्यायच्या आधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावेत. करंजीला पिठी लावतो तसं, हलक्या हाताने. भुकटी कुठली, डी-३ जीवनसत्त्व किती, अतिनील दिवा लागेल का, हे प्राण्याप्रमाणे बदलतं. डॉक्टरांना विचारून ठरवावं. रोज एकच किडा नको. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं, ती मधूनमधून द्यावी. मीलवर्म फरसाणासारखे, कधीतरी.

चौथं, किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. खाऊन उरलेले रातकिडे रात्री आत ठेवू नयेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या पालीलाच कुरतडतात.

पाचवं, औषधवाला यायच्या दिवशी प्राणी आणि किडे दोघांना बंद खोलीत किंवा मित्राकडे हलवावं, आणि कुठलं औषध मारलं ते कागदावर लिहून घ्यावं. हे आपल्यासाठीही गरजेचं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरायला इथं बंदी आहे, तरी त्यांच्या वायूने शेजारच्या फ्लॅटातली लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आपण इथंच वाचल्या आहेत.

सहावं आपल्या स्वतःच्या पोटासाठी. सरपटणारे प्राणी ठणठणीत दिसले तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊ नयेत. प्राण्याला, त्याच्या भांड्यांना किंवा किड्यांच्या डब्याला हात लावला की साबणाने हात धुवावेत, आणि ती भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुऊ नयेत. आमच्याकडे ती धुतली जात होती, हे कळल्यावर सौ.ने "अहो!" एवढंच म्हटलं. पुरेसं होतं.

बाजीराव वाचला. आठ दिवस दवाखान्यात होता. गाजरासारखं शेपूट शेवग्याच्या शेंगेसारखं झालं होतं, ते संक्रांतीपर्यंत भरत आलं. तिळगूळ वाटताना चिरंजीव पुन्हा आमच्याशी पूर्वीसारखे बोलायला लागले. आई जानेवारीत परत गेली, पण दर रविवारी फोनवर विचारते, "रातकिड्यांना गाजर घातलंत का?" नातवाच्या पालीच्या जेवणाच्या जेवणाची काळजी!

पण या सगळ्यात एक वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. बाजीरावाला घरी आणायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंना आम्ही जरा समर्थनाच्या सुरात म्हटलं, काय करणार, चार दिवस त्याला उपाशी कसं ठेवायचं? त्या म्हणाल्या, एवढं जाड शेपूट असलेली मोठी पाल चार दिवस काय, आठ दिवसही आरामात राहिली असती. शेपूट असतं कशासाठी? उपास त्याला सोसला असता, तुम्हांला सोसला नाही.

हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्याला एक एकादशी घडली असती, एवढंच." आयुष्यभर उपास करणारी आमची आई, तिला मुलाने केलेला, नातवाने केलेला, अगदी पालीने केलेला उपासही सोसत नाही. आम्ही तिचेच चिरंजीव. डबा रिकामा जाऊ नये म्हणून काहीही भरून द्यायची ही सवय आपल्या रक्तातली आहे. आता आमच्या फ्रिजवर चिरंजीवांनी एक चिठ्ठी लावली आहे. डब्यात भरायला खात्रीचं काही नसेल तेव्हा तिच्यावर खूण करायची. चिठ्ठीवर लिहिलंय, 'आज बाजीरावाची एकादशी.'

दिवाळीच्या शुभेच्छा. फराळ बेताने खा. पुढच्या अंकी भेटूच.